जेलच्या स्टाफवर हात उचलला तर? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

मागच्या अंकात हॉस्पिटलमधल्या मारामाऱ्यांबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की डॉक्टरला मारलं तर बातमी होते आणि जेलच्या शिपायाला मारलं तर त्याला ड्युटीचा भाग म्हणतात. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे बाकीच्या अख्ख्या लेखावर आले नाहीत. म्हणून यावेळचं सदर त्यावरच. पत्रं थोडी कापली आहेत, नावं आणि जेलची नावं सगळी काढली आहेत, कारण लिहिणाऱ्यांतले बरेचजण अजून तिथेच नोकरी करतात किंवा त्यांचं कोणीतरी तिथे आत आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, माझे मिस्टर एका मध्यवर्ती कारागृहात शिपाई आहेत. संध्याकाळच्या बंदीच्या आधी झडती चालू होती, एका बंद्याच्या पथारीखाली मोबाईल सापडला, तो ओढायला गेले तर त्याने स्टीलची बादली उचलून मारली. ह्यांनी डोकं वाचवायला हात मध्ये घातला, बादली मनगटावर बसली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी साधी दुखापत लिहिलं, सूज उतरेना म्हणून तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. पोलिसांनी १३२ कलम लावलंय. साहेब म्हणतात आता पूर्वीसारखी पाच वर्षं राहिली नाहीत, दोनच वर्षं आहेत, तारखा खात बसशील, मिटवून टाक. बंद्याचे नातेवाईक पण घरी येऊन गोड बोलून गेले. खरंच शिक्षा कमी झाली का? मिटवावं का? (एक वाचक, नाव छापू नये)

उत्तर : ताई, साहेबांचं अर्धं बरोबर आहे. आयपीसीत (जुन्या भारतीय दंड संहितेत) ३५३ होतं, सरकारी नोकराला कामापासून रोखायला अंगावर जाण्याचं कलम, ज्याची पाटी प्रत्येक सरकारी ऑफिसात खिडकीच्या वर लावलेली असायची ते. त्याची मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती केली, ती जून २०१८ पासून लागू झाली आणि ३५३ काय किंवा दुखापतीचं ३३२ काय, दोन्हीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि केस थेट सेशन्स कोर्टात. मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आयपीसीच गेली तर तिच्यावरची राज्याची दुरुस्ती कशाला चिकटून राहणार? त्यामुळे ३५३ च्या जागी आलेलं जे १३२ आहे त्याला परत दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि केस मॅजिस्ट्रेटकडे. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं पाच वर्षांचंच चालेल, पण तुमची नंतरची दिसते.

आता साहेब जे सांगत नाहीयेत ते ऐका. १३२ हे नुसतं अंगावर जाण्याचं, धक्काबुक्कीचं कलम आहे. सरकारी नोकराला कामापासून रोखायला दुखापत केली तर कलम १२१ लागतं, त्याच्या पहिल्या पोटकलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि दुखापत गंभीर असेल तर दुसरं पोटकलम, त्यात कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे, कलम ११६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, तिथे डॉक्टरच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. शिवाय पूर्वी २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद असले तर गंभीर धरायचे, नव्या संहितेत ते १५ दिवस केलेत. म्हणजे दोन वर्षं का पाच वर्षं यावर सगळं ऑफिस चर्चा करतंय, आणि तुमच्या मिस्टरांना जे दहा वर्षांचं कलम लागू होऊ शकतं ते एफआयआरमध्ये नाहीच.

तेव्हा पहिलं काम, तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालंय, मिस्टरांचा पुरवणी जबाब घ्या आणि १२१(२) वाढवा. सोबत एक्स-रेची प्लेट आणि रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट, आणि पहिल्या दिवशीचा केसपेपर पण, तो लपवू नका. सूज होती म्हणून आधी कळलं नाही हे त्या केसपेपरवरूनच दिसतं, लपवलात तर समोरचा वकील तोच कागद बाहेर काढून विचारेल की तीन दिवसांत हाड कुठे मोडून घेतलं. ड्युटी रजिस्टरची त्या दिवसाची नोंद आणि मोबाईल सापडल्याचा पंचनामा हे दोन कागद फार महत्त्वाचे, कारण १३२ असो की १२१, कर्मचारी तेव्हा कायदेशीर काम करत होता हे दाखवावंच लागतं. समोरून येईल की बादली हातातून निसटली, मुद्दाम मारली नाही. म्हणून बादली जप्त झाली का तेही विचारा. मला आलेल्या अशा केसेसमध्ये हत्यार जप्त नसणं हा नेहमीचा घोळ असतो, बादलीच ती, दुसऱ्या दिवशी परत नळाखाली लागते.

पोलिसांनी नाहीच ऐकलं तर आरोप ठेवताना किंवा निकालाच्या आधी कधीही कोर्ट कलम वाढवू शकतं, तो दरवाजा उघडा राहतो. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असं नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) आहे, ते हक्काने मागा. फिर्याद जेलरने दिली असेल तरी मार खाल्लेला माणूस तुमचा आहे, सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील द्यायची परवानगी कोर्टाकडे मागता येते.

मिटवण्याचं म्हणाल तर ही कलमं आपसात मिटण्यासारखी नाहीतच. हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचा एक लांबचा मार्ग आहे, तो आरोपीने बघावा, तुम्ही कशाला त्याच्यासाठी नोटरीकडे जाऊन ॲफिडेव्हिट करून देताय. नातेवाईक परत आले तर चहा पाजा, सही करू नका. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये ड्युटीमुळे मुद्दाम केलेल्या दुखापतीसाठी विशेष विकलांगता रजा आहे, ती तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. मिस्टरांनी अर्जित रजा टाकली असेल तर आधी ते बदलून घ्या.

प्रश्न : मी सुभेदार म्हणून रिटायर झालो, आयुष्य जेलात गेलं. माझं स्पष्ट मत आहे की जन्मठेपेच्या कैद्याला आणखी पाच वर्षं दिली काय आणि दहा दिली काय, तो हसतो. आमच्या वेळचे जुने लोक सांगायचे की पूर्वी लाईफवाल्याने खून केला की सरळ फाशी होती. ते परत का आणत नाहीत? आणि स्टाफवर हल्ला म्हणजे जास्तीत जास्त शिक्षा असं का करत नाहीत?

उत्तर : सुभेदारसाहेब, जुने लोक खरं सांगत होते. आयपीसीचं कलम ३०३. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला की फाशीच, जज्जला दुसरा पर्यायच नाही. आयपीसी १८६२ मध्ये लागू झाली तेव्हापासून हे होतं, आणि लॉ कमिशनने १९७१ च्या आपल्या ४२ व्या अहवालात लिहिलं होतं की हे कलम मुख्यतः जेलच्या स्टाफच्या संरक्षणासाठी ठेवलेलं दिसतं. म्हणजे तुम्ही जे मागताय ते या देशात शंभर वर्षांच्या वर होतंच.

१९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जज्जांनी ते रद्द केलं, सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. तो निकाल वाचण्यासारखा आहे, मी ज्युनिअर मुलांना आवर्जून वाचायला लावते. मुद्दा असा की कलम लिहिलं स्टाफसाठी पण त्यात स्टाफ हा शब्दच नव्हता. जन्मठेपेचा माणूस पॅरोलवर घरी आलाय, भावकीच्या भांडणात त्याच्या हातून खून झाला, त्यालाही फाशीच, आणि त्याच भांडणात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला मात्र जन्मठेप होऊ शकते. जज्जला परिस्थिती बघूच द्यायची नाही हे घटनेच्या १४ (समानता) आणि २१ (जीविताचा हक्क) कलमात बसत नाही म्हणाले. जेलात माणसं कशा अवस्थेत ठेवलेली असतात, तिथे चिथावणी कशी मिळू शकते, तेही त्यांनी विचारात घेतलं.

आता नव्या संहितेत त्याची जागा कलम १०४ ने घेतली आहे, जन्मठेपवाल्याने खून केला तर फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप. खुनाच्या प्रयत्नाचं पण तसंच आहे, १०९(२), जन्मठेपवाल्याने जीवघेणा हल्ला करून दुखापत केली तरी फाशी किंवा मरेपर्यंत आत. तेव्हा कायदा मवाळ आहे असं काही नाही, कडक कलमं आहेत पण ती टोकाच्या घटनेला लागतात आणि रोजचा मार हा बादलीचा, बुक्कीचा, ब्लेडचा, अंगावर घाण फेकण्याचा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तुमचं हसण्याचं निरीक्षण आहे ना, त्याला कायद्यातच कारण आहे. बीएनएसएसचं कलम ४६७, जुनं ४२७. आधीच शिक्षा भोगणाऱ्याला दुसरी शिक्षा झाली तर ती पहिली संपल्यावर सुरू होते, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर. पण पहिली शिक्षा जन्मठेप असेल तर दुसरी तिच्यासोबतच चालते. म्हणजे जन्मठेपवाल्याला १२१ खाली पाच वर्षं दिली तर ती कागदावर चालतात, त्याच्या आयुष्यात एक दिवस वाढत नाही. उद्या सरकारने पाचाची दहा केली, वीस केली, तरी या माणसाला फरक शून्य. अजामीनपात्र केलं म्हणून पण टाळ्या पडतात, अहो जो आतच आहे त्याला जामीन मिळणार नाही म्हणून काय घाबरवताय.

त्याला फरक कशाने पडतो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे. फर्लो, पॅरोल, म्हणजे घरी जायची सुट्टी. खुल्या कारागृहात जायचा नंबर. आणि १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावर मुदतपूर्व सुटकेची फाईल जेव्हा वर जाते तेव्हा तिच्यातला वर्तणुकीचा कागद. स्टाफवर हल्ल्यात दोषी ठरलेल्याची ती फाईल कशी बघायची, किती वर्षं मागे टाकायची, हे नियमात ठणठणीत लिहिलं आणि प्रत्येक जेलात सारखं पाळलं तर माझ्या मते त्याचा धाक कुठल्याही नव्या कलमापेक्षा जास्त बसेल. कारागृह हा विषय राज्याच्या यादीत आहे, दिल्लीकडे बघायची गरज नाही. मात्र इथे एक अट, ते ठरवताना सुपरिंटेंडंटच्या एका शेऱ्यावर जाऊ नये, कोर्टाचा निकाल हवा. का ते पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : माझा लहान भाऊ चोरीच्या केसमध्ये आत आहे, केस उभी पण राहिली नाही. मुलाखतीला गेले तर कळलं त्याच्यावर जेलमध्ये सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याची नवीन केस टाकली. तो म्हणतो जेवणावरून वाद झाला, आधी त्यांनी मारलं, मी फक्त काठी धरली. तुम्ही लोक नेहमी स्टाफची बाजू लिहिता. आमच्यासारख्यांनी काय करायचं? त्याला लवकरच जामीन मिळेल असं आधीच्या वकिलाने सांगितलं होतं.

उत्तर : बाजू मी कोणाचीच घेत नाहीये, पण राग समजतो. आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बोलू कारण घाई तिथे आहे. बहुतेक तुमच्या वकिलांच्या डोक्यात बीएनएसएसचं ४७९ कलम असेल. याआधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेला कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत राहिला की सुटायला पात्र होतो, बाकीचे अर्ध्यावर. पण त्याच कलमात खाली लिहिलंय की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर हा फायदा नाही. म्हणजे जेलमधली ही नवी केस, नुसती १३२ ची असेल तर जिच्यात फार तर दोन वर्षं शिक्षा आहे, ती निकाल लागायच्या आधीच तुमच्या भावाचा तो रस्ता बंद करते. २०२२ च्या राष्ट्रीय आकड्यांत आपल्या देशात दर चार बंद्यांमागे तीन कच्चे होते, ४ लाख ३४ हजारांच्या वर माणसं, त्यांच्यासाठी ही खरी शिक्षा आहे आणि ती द्यायला जज्ज लागत नाही, एक फिर्याद पुरते. म्हणूनच खोटी केस इथे फार महागात पडते आणि खरी केस नीट सिद्ध होणं तेवढंच गरजेचं.

नियमित जामिनाचा अर्ज मात्र दोन्ही केसमध्ये करता येतो, तो मार्ग बंद नाही, लगेच करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे.

दुसरं, सीसीटीव्ही. आजच्या आज कोर्टात अर्ज द्या, बीएनएसएस ९४ खाली, की त्या तारखेचं, त्या सर्कलचं (जेलच्या त्या भागाचं), अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवून हजर करा. फुटेज काही दिवसांनी वरून पुसलं जातं, महिन्याने गेलात तर उपलब्ध नाही असं एका ओळीचं उत्तर येईल. भावाच्या अंगावर वळ, सूज काही असेल तर पुढच्या तारखेला, व्हिडिओ कॉलवर असेल तरी, त्याने स्वतः जज्जसाहेबांना सांगायचं की मला मारलंय, माझी मेडिकल करा. लाजायचं नाही, नंतर सांगतो म्हणायचं नाही.

बचावाचं कायद्यातलं गणित थोडं कडक आहे. सरकारी नोकर चांगल्या हेतूने काम करत असेल तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क सहसा मिळत नाही, पण त्याच्या हातून मरणाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर मिळतो. त्यामुळे काठी कुठे बसत होती, किती जण होते, हे सगळं जबाबात यायला पाहिजे. जेवणावरून वाद झाला एवढंच सांगून भागणार नाही.

आणि तुमच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसेल तर भायखळा आठवा. जून २०१७ मध्ये तिथल्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला, वादाचं कारण अंडी आणि पाव कमी भरले एवढं, आणि खुनाच्या गुन्ह्यात सहा जेल कर्मचारी महिलांना अटक झाली. त्यानंतर आत दंगा केला म्हणून जवळजवळ दोनशे बंदिनींवर पण गुन्हा नोंदला गेला. आतला मार दोन्ही बाजूंनी असतो, आणि दोन्ही बाजूंच्या केसमध्ये साक्षीदार तेच, एकतर स्टाफ नाहीतर बंदी.

प्रश्न : ताई, माझा मुलगा इंग्लंडमध्ये प्रिझन ऑफिसर म्हणून लागलाय. आम्हाला वाटलं तिकडे कायदा कडक, सेफ असेल. पण २०२५ मध्ये फ्रँकलँड जेलमध्ये ऑफिसरांवर गरम तेल फेकल्याची बातमी वाचली आणि झोप उडाली. तिकडे शिक्षा किती असते? आपल्याकडे पण तशी करायला नको का?

उत्तर : फ्रँकलँडची बातमी खरी, एप्रिल २०२५ ची. मँचेस्टर अरीना बॉम्बस्फोटातल्या दोषी माणसाने ऑफिसरांवर तापलेलं तेल आणि घरगुती बनवलेली हत्यारं वापरली. तो आधीच जन्मठेप भोगत होता, किमान ५५ वर्षांची. सुभेदारसाहेबांचा मुद्दा बघा इंग्लंडमध्ये पण तोच निघतो, या माणसाला शिक्षा वाढेल म्हणून काय फरक पडणार होता. सरकारने हल्ल्यानंतर पहिलं काय केलं तर तसल्या विशेष युनिटांमधलं कैद्यांचं किचन बंद केलं. मग धोकादायक युनिटांतल्या ऑफिसरांना चिलखती जॅकेटं द्यायचं ठरलं. कलमाला कोणी हात लावला नाही आधी, गॅसला लावला.

शिक्षा विचाराल तर तिकडे गेल्या काही वर्षांत वाढतच गेली. २०१८ मध्ये पोलीस, फायर, नर्स, प्रिझन ऑफिसर सगळ्यांना इमर्जन्सी वर्कर धरून वेगळा कायदा केला, साध्या मारहाणीला सहा महिन्यांच्या जागी १२ महिने. २०२२ मध्ये ते दोन वर्षं केले. ड्युटीवरच्या प्रिझन ऑफिसरचा खून केला तर २०१५ पासून मरेपर्यंत आत हीच सुरुवात धरतात. पण आकडे बघा, २०१८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जेल स्टाफवरचे हल्ले वर्षाला १० हजारांच्या वर होते, कोविडमध्ये सगळे कोठड्यांत बंद होते म्हणून घसरले, आणि २०२४ मध्ये परत १० हजारांच्या वर. मधल्या काळात शिक्षा चौपट झालेली. तिकडचे जुने ऑफिसर सांगतात त्यात मला जास्त तथ्य वाटतं, की २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत काटकसर म्हणून जवळजवळ पाव स्टाफ कमी केला, अनुभवी माणसं गेली, आणि नवीन पोरं विंगवर एकटी उभी राहिली.

तिकडची एक गोष्ट मात्र मला घेण्यासारखी वाटते. जेलमधल्या गैरवर्तनाच्या गंभीर केसला बाहेरून एक जज्ज येतो, आतच सुनावणी घेतो, कैद्याला वकील मिळतो, आणि दोषी ठरला तर सुटकेची तारीख काही दिवस पुढे ढकलता येते. आकडा छोटा आहे, पण महिन्या-दोन महिन्यांत निकाल. आपल्याकडे २०१८ ची पाच वर्षांची दुरुस्ती आली तेव्हा केसेस मॅजिस्ट्रेटकडून सेशन्सला गेल्या, जिथे खून आणि बलात्काराचे खटले आधीच रांगेत उभे आहेत. शिपायाने बुक्की खाल्लेली केस तिथे कधी चालणार? तोवर शिपायाची बदली तीन जिल्ह्यांत झालेली असते, साक्षीदार बंदी सुटून गावी गेलेला असतो आणि सरकारी वकील चौथा असतो. वर ३५३ चा गैरवापर होतो म्हणून आमदारांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांची ओरड होती ती वेगळीच. पाच वर्षं परत आणा म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं. मला विचाराल तर १३२ ची दोन वर्षंच राहू द्या, पण केस सहा महिन्यांत निकाली काढा.

मुलाला सांगा बॉडी कॅमेरा चालू ठेव, आणि युनियनचा मेंबर हो. आणि रोज फोन करून बातम्या वाचून दाखवू नका त्याला, तो बघतोच आहे सगळं.

प्रश्न : एवढं सगळं ठीक, पण एका बराकीला एक शिपाई असतो त्याचं काय? कुठल्या कलमाने तो वाचणार?

उत्तर : कुठल्याच नाही. मॉडेल प्रिझन मॅन्युअल २०१६ मध्ये सहा बंद्यांमागे एक सुरक्षा कर्मचारी असं प्रमाण दिलंय. देशात जेल स्टाफच्या मंजूर जागांपैकी साधारण ३० टक्के रिकाम्या असतात आणि जेलं २०२२ मध्ये क्षमतेच्या १३० टक्क्यांवर भरलेली होती, आपल्या राज्यात दीडपटीच्या पुढे, आर्थर रोडसारख्या ठिकाणी तर कित्येकदा तिप्पट-चौपट. त्यात पाळ्या, रजा, कोर्ट ड्युटी, हॉस्पिटल ड्युटी वजा करा. रात्री टाळं लावल्यावर आत शंभर-दीडशे माणसं आणि बाहेर एकटा, हे कुठल्याही शिपायाला विचारा. भरती न करता शिक्षा वाढवणं सरकारला परवडतं कारण त्याला बजेट लागत नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांना दोषी ठरल्यावर जेलमध्ये वॉर्डर (बाकीच्या बंद्यांवर देखरेख करणारा बंदी) केलंय. दुसऱ्या कैद्यांनी त्यांना मारलं तर सरकारी नोकराला मारलं असं धरतात का, की कैद्याने कैद्याला मारलं असं? मित्रांशी पैज लागलीय.

उत्तर : पैज जिंकलात, जर तुम्ही पहिलं म्हणाला असाल तर. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या कलम २३ मध्ये लिहिलंय की ज्या बंद्यांना जेलचे अधिकारी म्हणून नेमलंय ते दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक समजावेत. म्हणजे वॉर्डर बंदी असूनही ड्युटीवर मार खाल्ला तर तेच संरक्षण. भायखळ्याला जिचा मृत्यू झाला ती पण वॉर्डरच होती, आणि आरोपी तिच्या वरचा पगारी स्टाफ. पण वडिलांना सांगा पट्टा लावला म्हणून अंगावर जाऊ नका, लोकसेवक म्हटलं की लोकसेवकाची जबाबदारी पण येते.

प्रश्न : मी जेलमध्ये शिपाई आहे. सुटून गेलेल्या एकाच्या पोरांनी मला एसटी स्टँडवर अडवलं, म्हणाले आत तू लय नियम दाखवत होतास, पोरगी कुठल्या शाळेत जाते माहीत आहे. ड्युटी नव्हती, युनिफॉर्म नव्हता. पोलीस म्हणतात खासगी भांडण आहे, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो.

उत्तर : खासगी भांडण नाही हे. १३२ नुसतं ड्युटीच्या वेळेपुरतं नाही, कर्मचाऱ्याने कायदेशीरपणे काम केलं त्याचा बदला म्हणून अंगावर गेलं तरी ते लागतं, युनिफॉर्म असो नसो. त्यांनी अडवताना कॉलर धरली, धक्का दिला, हात उगारला असं काही झालं असेल तर ते जबाबात स्पष्ट लिहा कारण १३२ ला तेवढं लागतं. नुसती तोंडी धमकी असेल तर कलम ३५१, आणि जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर त्यालाच सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलीच्या शाळेचा उल्लेख केला ते वाक्य जसंच्या तसं लिहा, सभ्य भाषेत बदलू नका. स्टँडवर कॅमेरे असतात, आगारप्रमुखाला आजच पत्र द्या की फुटेज जपून ठेवा.

पोलीस स्टेशनने एफआयआर घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने एसपींना, शहरात असाल तर आयुक्तालयात डीसीपींना, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे, बीएनएसएस १७३(४). सुपरिंटेंडंटना पण लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं ऑफिसात टिकत नाही. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून सांगा की घरच्या दोन माणसांशिवाय कोणाच्या ताब्यात मुलीला देऊ नका. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठू नका.